पेन्शनचा शब्द, फंडाचा आकडा

पहिल्या नोकरीची पहिली पगाराची स्लिप मोबाइलवर येते, तेव्हा आपण आधी हातात किती पडले ते बघतो आणि मग कापले किती गेले ते. कापलेल्या रकमांत ‘पीएफ’ नावाची एक ओळ असते. बाविसाव्या-तेविसाव्या वर्षी त्या ओळीची चीडच येते. साठीचं आत्ता कोणाला पडलंय? त्यात ऑफिसातलं कुणी थोरलं माणूस सांगतं, ‘पीपीएफ उघडून ठेव.’ बँकेतून फोन येतो, ‘एनपीएस घ्या सर.’ आपण मोबाइलवर शोधायला लागतो, तर समोर तक्तेच तक्ते. व्याज किती, मुदत किती, कर किती वाचतो.

तक्ता बघून खातं उघडता येतं. पण एक गोष्ट त्यातून कळत नाही. म्हातारपणी दोन वेळचं जेवण आणि औषधपाणी सुटावं, एवढ्या एकाच कामासाठी इतकी वेगवेगळी खाती का?

कारण ही खाती कुणी एकत्र बसून आखलेली नाहीत. प्रत्येक खातं वेगळ्या काळात, वेगळ्या माणसासाठी निघालं. आणि प्रत्येकाने एकाच प्रश्नाचं वेगळं उत्तर दिलं. प्रश्न असा: पैसे पुरले नाहीत, तर ते कोणाच्या अंगावर?

आपल्या घरांत यासाठी पूर्वीपासून दोन शब्द आहेत. एक ‘पेन्शन’, दुसरा ‘फंड’. मास्तर ‘पेन्शनीत निघाले’, असं म्हणायचे. कारखान्यातले काका मात्र ‘फंड काढून’ मुलीचं लग्न करायचे, गावाकडे दोन खोल्या बांधायचे. पेन्शन म्हणजे कुणीतरी दिलेला शब्द: जिवंत आहात तोवर दर महिन्याला इतके मिळतील. फंड म्हणजे तुमच्या नावासमोरचा आकडा: इतके जमले, हे घ्या, पुढचं तुमचं तुम्ही बघा. पीएफ, पीपीएफ, एनपीएस ही तिन्ही आकड्याचीच भावंडं आहेत. पण ती शब्दाच्या सावलीत वाढली, म्हणून सुरुवात शब्दापासून करू.

बिठूरचा पेन्शनर

मराठी इतिहासातला सगळ्यांत प्रसिद्ध पेन्शनर म्हणजे दुसरा बाजीराव. जून १८१८ मध्ये तो सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला, पेशवाईवरचा हक्क सोडला आणि बदल्यात वर्षाला आठ लाख रुपयांची पेन्शन घेऊन कानपूरजवळ बिठूरला जाऊन राहिला. गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला ही रक्कम जास्तच वाटली होती. पण शब्द दिला गेला होता.

आणि बाजीराव जगला. जानेवारी १८५१ पर्यंत, म्हणजे पुरती बत्तीस वर्षं. कंपनीला अडीच कोटींहून अधिक रुपये मोजावे लागले. आजच्या विम्याच्या भाषेत याला ‘दीर्घायुष्याची जोखीम’ म्हणतात. माणूस अपेक्षेपेक्षा जास्त जगला, तर जास्तीचा खर्च कोणाचा? पेन्शनीत तो देणाऱ्याचा.

पण त्याच पेन्शनीची दुसरी बाजूही बिठूरलाच दिसली. बाजीराव गेला आणि कंपनीने पेन्शन बंद केली. दत्तक मुलगा नानासाहेबाचे अर्ज लॉर्ड डलहौसीच्या कारकिर्दीत फेटाळले गेले. नानासाहेबाने अझीमुल्ला खानाला थेट लंडनला पाठवलं. तिथूनही तो रिकाम्या हातांनी परतला. १८५७ साली पुढे काय झालं ते शाळेत शिकलो आहोत. इथे त्यातली एकच गोष्ट लक्षात ठेवू. शब्दाचा अर्थ काय आणि तो किती काळ चालणार, हे शब्द देणाराच ठरवत होता.

पुढे इंग्रजी अंमलात सरकारी नोकरांची पेन्शन रुजली आणि निवांत पेन्शनरांचं शहर अशी पुण्याची ख्याती झाली. १८७१ च्या पेन्शन कायद्यात दोन तरतुदी शेजारी शेजारी बसल्या आहेत. एक, पेन्शनीवर सावकाराला जप्ती आणता येणार नाही. दोन, पेन्शनीसाठी दिवाणी कोर्टात दावा लावायचा, तर आधी कलेक्टर किंवा तसाच अधिकारी परवानगीचा दाखला देईल तेव्हाच. सावकारापासून संरक्षण पक्कं होतं. सरकारपासून मात्र नव्हतं.

कारखान्यातल्या माणसाला तर एवढंही नव्हतं. अपवाद मोजके. नागपूरला जमशेटजी टाटांनी १ जानेवारी १८७७ रोजी एम्प्रेस मिल सुरू केली आणि १८८६ साली तिथल्या कामगारांसाठी पेन्शन फंड काढला. पण तो एका मालकाचा चांगुलपणा होता. शेजारच्या गिरणीच्या मालकावर कसलंच बंधन नव्हतं.

रुपयाला एक आणा

बंधन आलं स्वातंत्र्यानंतर. १५ नोव्हेंबर १९५१ रोजी भविष्य निर्वाह निधीचा वटहुकूम निघाला, मार्च १९५२ मध्ये कायदा झाला आणि १ नोव्हेंबर १९५२ पासून योजना सुरू झाली. सुरुवातीला फक्त सहा उद्योग: सिमेंट, सिगारेट, इंजिनिअरिंग, लोखंड-पोलाद, कागद आणि कापड. तेही पन्नास किंवा जास्त कामगार असलेले कारखाने.

वर्गणी होती सव्वासहा टक्के. हा विचित्र आकडा आला कुठून? तेव्हाच्या नाण्यांत मोजलं की कळतं. सोळा आण्यांचा एक रुपया. सव्वासहा टक्के म्हणजे बरोबर रुपयाला एक आणा. शंभर रुपये पगार असेल, तर सहा रुपये चार आणे कामगाराचे आणि तेवढेच मालकाचे. हिशेब कारकुनालाही सोपा आणि कामगारालाही. पुढे हा दर वाढत वाढत बारा टक्क्यांवर गेला.

देश नवा होता, तिजोरी रिकामी होती. सगळ्या कामगारांना मरेपर्यंत पेन्शन देण्याचा शब्द द्यायची ताकद ना सरकारकडे होती ना मालकांकडे. म्हणून आकडा दिला. पण त्यात एक मोठी गोष्ट होती: मालकाचा हिस्सा कायद्याने सक्तीचा झाला. आजही ईपीएफची खरी ताकद तीच आहे. व्याज थोडं वर-खाली होतं, पण तुमच्या एका आण्याशेजारी दुसरा कुणीतरी आपला एक आणा ठेवतो, हे बाकीच्या खात्यांत आपोआप होत नाही.

उणीवही तिथेच आहे. मालक असेल तरच फंड असणार.

ज्याला मालकच नाही

सरकारी नोकराला पेन्शन, कारखान्यातल्या माणसाला फंड. मग किराणा दुकानदार, वकील, डॉक्टर, शिंपी, घरी शिकवण्या घेणाऱ्या बाई यांचं काय? यांच्यासाठी १९६८ साली वेगळा कायदा झाला आणि १ जुलैपासून पब्लिक प्रॉव्हिडंट फंड सुरू झाला. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई. हाच आपला पीपीएफ.

नावात ‘प्रॉव्हिडंट फंड’ असलं, तरी त्यात मालक नाही. तुम्ही पैसे टाकता, ते सरकारला जातात, सरकार व्याज देतं. म्हणजे खरं तर हे नागरिकाने सरकारला दिलेलं दीर्घ मुदतीचं कर्ज आहे. १९६५ चं युद्ध, पाठोपाठ दोन दुष्काळी वर्षं, १९६६ चं रुपयाचं अवमूल्यन. सरकारलाही त्या काळात पैसा हवाच होता. दोघांची गरज एका पासबुकात बसली.

या खात्याला दोन कवचं मिळाली. पहिलं, करातून सवलत. दुसरं फारसं कुणाला ठाऊक नसतं: कर्जापोटी कोर्टाने हुकूमनामा काढला, तरी पीपीएफमधल्या रकमेवर जप्ती येत नाही. स्वतःच्या जबाबदारीवर धंदा करणाऱ्याला याचं मोल जास्त. दुकान बुडालं तरी म्हातारपणाची पुंजी वाचते. १८७१ साली पेन्शनीला मिळालेलं संरक्षण जवळपास शंभर वर्षांनी दुकानदाराच्या बचतीला मिळालं.

पण व्याज? ते सरकारच ठरवतं. सुरुवातीला ४.८ टक्के होतं. १९८६ पासून जानेवारी २००० पर्यंत सलग १२ टक्के. मग उतरंड लागली आणि एप्रिल २०२० मध्ये ते ७.१ टक्क्यांवर आलं. दरवर्षी वर्षाच्या सुरुवातीला दहा हजार रुपये, असे पंधरा वर्षं भरले, तर १२ टक्क्यांनी सुमारे ४ लाख १७ हजार होतात, ७.१ टक्क्यांनी सुमारे २ लाख ७१ हजार. माणूस तोच, शिस्त तीच, जन्मसाल तेवढं वेगळं. अर्थात त्या बारा टक्क्यांच्या काळात महागाईही जास्त होती, त्यामुळे वडिलांच्या पिढीने लॉटरी मारली असं समजायचं कारण नाही. तरी ‘आमच्या वेळी पीपीएफमध्ये…’ असं कुणी सांगू लागलं, तर तो सल्ला कोणत्या दराच्या काळातला आहे, ते विचारून घ्यावं.

१९८२: एकाच वर्षातल्या दोन गोष्टी

१८ जानेवारी १९८२. डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली मुंबईतले सुमारे अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. हा संप रीतसर मिटलाच नाही. तो विरत गेला आणि त्यात गिरणगाव विरलं. ज्यांची नोकरी कायमची गेली, त्यांच्या हातात उरला होता फंडाचा आकडा. तोही नोकरी झाली तेवढ्याच वर्षांचा. चाळीस-पंचेचाळीस वर्षांच्या माणसासाठी तो निवृत्तीचा पैसा नव्हताच. तो पुढच्या काही महिन्यांच्या घरखर्चाचा, मुलांच्या फीचा, कोकणात किंवा घाटावर परत जाण्याचा पैसा होता. कापड उद्योग तर १९५२ च्या कायद्यातल्या पहिल्या सहांपैकी एक. फंडाने वचन मोडलं नाही. त्याने मुळात वचन दिलंच नव्हतं.

त्याच वर्षी १७ डिसेंबरला सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्याचा निकाल दिला. सरकारने पेन्शनची सुधारित पद्धत आणली होती, पण ती ३१ मार्च १९७९ पासून पुढे निवृत्त होणाऱ्यांनाच लागू केली. आदल्या दिवशी निवृत्त झालेला बाद. सरन्यायाधीश यशवंतराव चंद्रचूड यांच्या अध्यक्षतेखालच्या पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने ही भिंत पाडली. न्यायमूर्ती डी. ए. देसाई यांनी लिहिलेल्या निकालाचं सार असं, की पेन्शन ही मालकाच्या मर्जीने मिळणारी बक्षिसी नव्हे. केलेल्या सेवेतून मिळवलेला तो हक्क आहे. म्हणूनच १७ डिसेंबर हा देशभर पेन्शनर दिन म्हणून पाळतात.

बिठूरपासून निघालेली गोष्ट इथे एका टोकाला पोचली. शब्दाचा हक्क झाला. पण तो सरकारी नोकरापुरता. त्याच वर्षी, त्याच देशात परळ-लालबागच्या माणसाला आकडाच पुरवावा लागत होता.

१९९५ साली फंडालाही थोडासा शब्द जोडला गेला. मालकाच्या हिश्श्यातले ८.३३ टक्के वेगळे काढून त्यातून कामगाराला मासिक पेन्शन द्यायची, अशी योजना आली. तुमच्या पासबुकात मालकाचा हिस्सा तुमच्यापेक्षा कमी दिसतो, तो यामुळे. पण हा शब्द फार छोटा आहे. पगाराची मर्यादा २०१४ पासून १५ हजारांवर आहे. त्या मर्यादेने पस्तीस वर्षं नोकरी धरली, तर सूत्राने महिना साडेसात हजारांच्या आसपास बसतात. किमान पेन्शन २०१४ मध्ये एक हजार रुपये ठरली. महागाईबरोबर ती आपोआप वाढत नाही.

कर आज की उद्या?

आता थोडं देशाबाहेर जाऊ, कारण आपल्याकडच्या पुढच्या खात्याचं नाव आणि कल्पना दोन्ही बाहेरून आल्या.

डिसेंबर १९६३ मध्ये अमेरिकेत इंडियाना राज्यातल्या साउथ बेंडचा स्टूडबेकर मोटारींचा कारखाना बंद होत असल्याची घोषणा झाली. कंपनीने कामगारांना पेन्शनचा शब्द दिला होता, पण त्यामागे पुरेसा पैसा बाजूला ठेवलेला नव्हता. साठी ओलांडलेल्यांना पेन्शन मिळाली. चाळीस ते एकोणसाठ वयाच्या चारेक हजार कामगारांना डॉलरमागे पंधरा सेंटच मिळाले. बाकीच्यांना काहीच नाही. याचा गाजावाजा होत होत १९७४ साली मोठा पेन्शन कायदा झाला आणि त्यातच, ज्यांना मालकाची पेन्शन नाही त्यांच्यासाठी ‘वैयक्तिक निवृत्ती खातं’ जन्मलं. सुरुवातीची मर्यादा वर्षाला १,५०० डॉलर. या खात्यात टाकलेल्या पैशावर आज कर नाही. म्हातारपणी काढाल तेव्हा कर.

१९९७ मध्ये सिनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाने त्याचं उलटं खातं आलं. कर भरून उरलेला पैसा टाका. म्हातारपणी काढताना कर नाही. दोन्हींतला फरक हा असा: कर आज की उद्या? आज तुमचं उत्पन्न कमी आणि पुढे वाढणार असेल, तर आज भरणं स्वस्त. आज भरपूर असेल आणि म्हातारपणी कमी होणार असेल, तर उद्यावर टाकणं फायद्याचं.

हा प्रश्न आपल्याला लांबचा वाटतो, कारण पीपीएफने आपल्याला वेगळी सवय लावली: टाकताना वजावट, व्याजावर कर नाही, काढताना कर नाही. पण ज्यांनी नवी करप्रणाली निवडली आहे, त्यांना टाकतानाची वजावट आता मिळत नाही. पुढच्या दोन सवलती कायम आहेत. म्हणजे नव्या प्रणालीतल्या तरुणाचा पीपीएफ गुपचूप रॉथ खात्यासारखा झाला आहे. घरातले मोठे ‘कर वाचवायला पीपीएफ’ म्हणतात, तेव्हा त्यातलं अर्धं कारण तुमच्यापुरतं संपलेलं असू शकतं. उरलेलं अर्धं मात्र शाबूत आहे.

आकडा बाजारात गेला

चिलीने मे १९८१ मध्ये अख्ख्या देशाची जुनी पेन्शन बदलून प्रत्येकाचं वैयक्तिक खातं केलं. पैसा खासगी कंपन्या गुंतवणार. देशात पिनोशेची लष्करी राजवट होती. नव्या योजनेचे गोडवे खूप गायले गेले, पण लष्कराने स्वतःला मात्र जुन्याच योजनेत ठेवलं.

भारतात १९९८ साली सामाजिक न्याय मंत्रालयाने ‘ओअॅसिस’ नावाचा प्रकल्प हाती घेतला. सेबीचे पहिले अध्यक्ष एस. ए. दवे समितीचे प्रमुख होते. जानेवारी २००० मध्ये अहवाल आला. समितीच्या डोळ्यांसमोर होता तो असंघटित माणूस: रिक्षावाला, शेतमजूर, छोटा दुकानदार. त्याला एक कायमचा नंबर द्या, गाव बदललं-काम बदललं तरी खातं तेच राहू द्या, पोस्टातही पैसे भरता येऊ द्या, आणि पैसा कमी खर्चात बाजारात गुंतवा, अशी ती कल्पना.

झालं वेगळंच. हे खातं पहिल्यांदा लागलं ते सरकारी नोकराला. १ जानेवारी २००४ पासून केंद्र सरकारच्या सेवेत येणाऱ्यांची जुनी पेन्शन बंद, त्यांच्यासाठी नवी योजना. सैन्यदलं मात्र वगळलेली. चिलीची आठवण व्हावी असंच. महाराष्ट्रात १ नोव्हेंबर २००५ पासून रुजू होणाऱ्यांसाठी ‘परिभाषित अंशदान निवृत्तिवेतन योजना’ आली. नावातच सगळं आहे. तुम्ही किती भरायचं ते परिभाषित आहे, मिळणार किती ते नाही. ज्या रिक्षावाल्यासाठी कल्पना निघाली होती, त्याच्यासाठी एनपीएसचं दार १ मे २००९ रोजी उघडलं.

एनपीएसमध्ये पैसा शेअर आणि रोख्यांत जातो, खर्च कमी असतो, लांबच्या मुदतीत वाढ पीपीएफपेक्षा जास्त होऊ शकते. ‘होऊ शकते’ हे दोन शब्द महत्त्वाचे. शिवाय निवृत्तीच्या वेळी जमलेल्या रकमेतला काही भाग देऊन विमा कंपनीकडून मासिक पेन्शन विकत घ्यावी लागते. सरकारी नोकरासाठी किमान ४० टक्के, इतरांसाठी ही अट बदलत आली आहे. थोडक्यात, आयुष्यभर आकडा साठवायचा आणि शेवटी त्यातून थोडासा शब्द विकत घ्यायचा. तो कोणत्या भावाने मिळेल, ते त्या दिवशीच्या व्याजदरावर.

आणि फंडही बाजारापासून अलिप्त राहिला नाही. ऑगस्ट २०१५ पासून ईपीएफच्या नव्या पैशातला ठरावीक हिस्सा शेअर बाजारात जातो. फरक इतकाच, की तिथली चढउतार तुमच्या पासबुकात थेट दिसत नाही. वर्षाकाठी एक व्याजदर जाहीर होतो.

रस्त्यावर उतरलेला फंड

फंड हा कागदावरचा विषय वाटतो. २०१६ साली तो रस्त्यावर आला.

फेब्रुवारीतल्या अर्थसंकल्पात फंड काढताना त्याच्या काही भागावर कर लावण्याचा प्रस्ताव होता. पगारदारांनी इतका आरडाओरडा केला, की ८ मार्चला तो मागे घेतला गेला. पण त्याच सुमारास आणखी एक नियम आला होता: मालकाचा हिस्सा अठ्ठावन्न वर्षांआधी काढता येणार नाही. सरकारचा युक्तिवाद चुकीचा नव्हता. निवृत्तीचा पैसा निवृत्तीपर्यंत टिकला पाहिजे. एप्रिलमध्ये बेंगळुरूच्या कपड्यांच्या कारखान्यांतल्या हजारो बायका काम सोडून महामार्गांवर उतरल्या. दोन दिवस शहर थबकलं. सरकारने नियम मागे घेतला.

त्या बायकांना म्हातारपण कळत नव्हतं, असं कोण म्हणेल? त्यांचं गणित निराळं होतं. शिलाई मशीनवरचं काम अठ्ठावन्नपर्यंत झेपणारं नव्हे. दोन नोकऱ्यांच्या मधल्या रिकाम्या महिन्यांत, आजारपणात, मुलीच्या फीसाठी त्यांच्याकडे दुसरी कुठलीच पुंजी नव्हती. ज्याच्याकडे वेगळी बचत आहे, त्याला कुलूपबंद खातं परवडतं. ज्याच्याकडे तेवढंच आहे, त्याला ते कुलूप गळ्याभोवती लागतं. १९८२ साली गिरणगावात जे झालं, त्याचीच ही पुढची गोष्ट.

मग मार्च २०२३ मध्ये महाराष्ट्रातले लाखो सरकारी कर्मचारी, शिक्षक, परिचारिका ‘एकच मिशन, जुनी पेन्शन’ म्हणत आठवडाभर संपावर गेले. २००५ नंतर लागलेली ही पिढी. एकाच शाळेत, एकच विषय शिकवणाऱ्या दोघांपैकी एकाला शब्द आणि एकाला आकडा, हे त्यांना सलत होतं. त्यांचं दुःख खरं आहे. पण संपाच्या बाहेर उभ्या असलेल्यांचा प्रश्नही खरा आहे. जुन्या पेन्शनसाठी कुठे पैसा बाजूला ठेवलेला नसतो. त्या त्या वर्षीच्या महसुलातून ती दिली जाते. म्हणजे तो शब्द पाळायचा खर्च ज्यांना स्वतःला कुणी शब्द दिलेला नाही, तेही उचलतात. पार्सल पोचवणारा मुलगा पेट्रोल भरताना कर देतोच.

२४ ऑगस्ट २०२४ रोजी केंद्राने मधला मार्ग काढला: एकीकृत पेन्शन योजना. पंचवीस वर्षं सेवा झाली, तर शेवटच्या बारा महिन्यांच्या सरासरी मूळ वेतनाच्या निम्मी पेन्शन नक्की. पण कर्मचाऱ्याने दहा टक्के भरायचेच. दुसऱ्याच दिवशी महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळानेही तीच वाट धरली. अर्धा शब्द, अर्धा आकडा.

मग तुलना कशी करायची?

व्याजाचा तक्ता जरूर बघा. पण त्याआधी प्रत्येक खात्याला चार प्रश्न विचारा.

माझ्याशिवाय यात कोण पैसे टाकतं? ईपीएफमध्ये मालक टाकतो; म्हणून नोकरी बदलताना तो पैसा काढून टाकण्याऐवजी खातं पुढे न्या. पीपीएफमध्ये कुणी नाही. एनपीएसमध्ये मालकाने टाकायचं ठरवलं तर. आणि तेवढ्या भागावर नव्या करप्रणालीतही सवलत आहे.

बाजार पडला तर कोणाचं नुकसान? पीपीएफमध्ये सरकारने दर कमी केला की तुमचं, पण मुद्दल शाबूत. एनपीएसमध्ये थेट तुमचं. पंचविशीत हे झेपतं, कारण भरून काढायला वर्षं हातात असतात. अठ्ठावन्नाव्या वर्षी नसतात.

मध्येच गरज पडली तर? ईपीएफ त्यातल्या त्यात लवचीक, पीपीएफ काही वर्षांनी थोडं दार उघडतो, एनपीएसचं कुलूप सगळ्यांत पक्कं. म्हणून ज्याच्याकडे सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला नाही, त्याने आधी तो उभा करावा. बेंगळुरूच्या बायकांनी सांगितलेली गोष्ट तीच आहे.

आणि मी नव्वद वर्षं जगलो तर? याचं उत्तर पीपीएफकडे नाही, ईपीएफच्या एकरकमी पैशाकडेही नाही. फंडाला जोडलेली पेन्शन मरेपर्यंत मिळते, पण छोटी. एनपीएसमधून विकत घेतलेलीही मिळते, पण बहुधा ठरावीक रकमेची. महागाई सहा टक्के धरली, तर बारा वर्षांत किमती दुप्पट होतात. बत्तीस वर्षं पेन्शन घेणाऱ्या बाजीरावाची काळजी कंपनीला होती. आपल्या लांब आयुष्याची काळजी बहुतेकांना स्वतःच करायची आहे.

या चार प्रश्नांना चोख उत्तर देणारं एकही खातं नाही. ते नसणं हा योगायोग नाही. दर वेळी कुणाला तरी शब्द द्यायचा आणि कुणाला तरी आकडा, असंच ठरत आलं. रुपयाला एक आणा हीसुद्धा १९५२ साली कुणीतरी भांडून, कुणीतरी मान्य करून ठरलेली गोष्ट होती. आज ज्यांना मालक म्हणून एक ॲप आहे आणि स्लिपच येत नाही, त्यांच्या रुपयाशेजारी दुसरा आणा कोणी ठेवायचा, हे अजून पुरतं ठरलेलं नाही. ते ठरेल तेव्हा आपणही मतदार असू.

तोवर पगाराच्या स्लिपवरची ती ओळ पुढच्या महिन्यात नीट बघा. तुमच्या आकड्याशेजारी मालकाचा आकडा आहे का, तेवढं तपासा. तो एक आणा मिळवायला पुष्कळ वर्षं लागली आहेत.